मंदोबाच्या पोटातली पेज

मित्रांनो, रत्नागिरीत मांडवीच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक कौलारू घर आहे. त्या घराच्या स्वयंपाकघरात, देवघराला लागून असलेल्या ओट्यावर मी असतो. मी विजेवर चालणारा एक जुना स्लो कुकर आहे. वयानं तसा फार नाही, पाच वर्षांचाच. पण काही वर्षं अशी येतात की त्यांतल्या एकेका दिवसानं माणूस म्हातारा होतो. भांड्याचंही तसंच आहे.

माझं पोट जाड चिनी मातीचं आहे. अंगावर पत्र्याचा लाल अंगरखा आहे आणि डोक्यावर काचेचं झाकण. पुढे एक बटण आहे, त्यावर तीन खुणा: मंद, जास्त आणि कोमट. माझ्यात शिट्टी होत नाही, उकळी फुटत नाही, काही उतू जात नाही. सकाळी भरा, बटण फिरवा आणि कामाला जा. सहा-आठ तासांनी या. तोवर मी माझं काम गुपचूप करत बसतो.

मला विकत घेतलं वरदनं. वरद हा या घरातला एकुलता एक मुलगा. शिकून तो लोटे गावच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला आणि तिथेच जवळ खोली करून राहू लागला. खोलीत त्याच्याबरोबर सुहास होता. तो त्याच कारखान्यात, पण दुसऱ्या पाळीला. दोघांनाही चहाच्या पलीकडे काही येत नव्हतं. डब्याच्या तेलकट भाज्यांना कंटाळून एके दिवशी वरद मला खोक्यातून घेऊन आला. सुहासनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आठ तास? अरे, एवढ्यात माझी पाळी संपते! हा तर मंदोबा आहे." तेच माझं नाव पडलं.

पहिल्या दिवशी त्यांनी काळ्या वाटाण्याची उसळ लावली. रात्रभर भिजवलेले वाटाणे, कांदा, मसाला, ओलं खोबरं आणि मूठभर आमसुलं, सगळं एकदमच माझ्या पोटात. आठ तासांनी झाकण उघडलं तर वाटाणे टणक! वरदनं लगेच आईला फोन लावला.

"आई, वाटाणे दगडासारखे राहिलेत. आठ तास ठेवले होते!"

पलीकडून उमाकाकूंचा हळू, शांत आवाज आला. "आमसुलं कधी घातलीस?"

"सुरुवातीलाच. तूच म्हणालीस ना, घाल म्हणून."

"अरे शहाण्या, वाटाणे शिजल्यावर! आंबट आधी पडलं की कडधान्य हटून बसतं. अगदी तुझ्यासारखं."

मागून सुहास ओरडला, "काकू, काळजी नको! संध्याकाळी क्रिकेटला चेंडू मिळाले."

तिकडे काकू हसल्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, फोनमधून.

मग दोघं शिकत गेले. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, कारण माझ्या पोटातली वाफ बाहेर जात नाही. सारखं झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की अर्धा तास मागे गेलंच म्हणून समजा. कंदमुळं तळाशी, पालेभाजी शेवटी. वालाचं बिरडं जमलं, फणसाची भाजी जमली, मुगाची खिचडी तर डोळे मिटून जमू लागली. शेजारच्या खोल्यांतली मुलं वाडगे घेऊन येत. माझं कौतुक व्हायचं, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तिसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सुहासला ताप भरला होता. अंग फणफणलेलं, तोंडाची चव गेलेली. वरदची सकाळची पाळी होती. तो पहाटे उठला, आंघोळ केली, बूट घातले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

"काही खाशील का रे?"

"नको. तू जा, बस चुकेल."

"पेज लावून जातो. आजारपणात आई मला तीच देते."

त्यानं एक वाटी उकडा तांदूळ धुतला, आठ वाट्या पाणी घातलं, बटण मंदवर फिरवलं. तेवढ्यात बाहेर कंपनीच्या बसचा भोंगा वाजला आणि दूर गेला. वरद खिडकीतून बघून म्हणाला, "गेली. असू दे, मोटरसायकलनं जातो." झाकणावर त्याचा हात क्षणभर टेकला. ओला होता. मग दार लागलं.

हमरस्त्यावर दाट धुकं होतं. समोरून ट्रक आला. हे मी नंतर ऐकलं, पाहिलं नाही.

खोलीत मात्र माझ्या पोटात तांदूळ फुलत होता. दहाच्या सुमारास सुहास उठला. पेज अजून थोडी कणीदार होती, तरी त्यानं ती गरमगरम दोन वाडगे प्यायली, बटण कोमटवर फिरवलं आणि तो झोपला. त्याला घाम आला, ताप उतरला. दुपारी त्याचा फोन वाजला. तो तसाच अनवाणी धावत गेला. कुणीतरी मागून कुलूप लावलं.

मी सुरूच राहिलो. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. वीज जायची, यायची. उरलेली पेज आटली, करपली, काळी पडली. बंद खोलीत मी एका माणसाच्या हातचं शेवटचं अन्न कोमट ठेवत होतो, आणि ते खायला कुणी येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी वरदचे वडील, भास्करकाका, सामान न्यायला आले. सुहास त्यानंतर खोलीवर फिरकलाच नव्हता, कुणाचा फोनही उचलत नव्हता. काका म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कारकून, नीटनेटका माणूस. त्यांनी माझं झाकण उघडलं, वास आला, आणि त्यांनी तोंड फिरवलं. आत काय आहे ते पाहिलंच नाही. बाहेरच्या नळावर बसून नारळाच्या सोडणानं त्यांनी मला घासघास घासलं. घासताना ते रडत होते. मी स्वच्छ झालो.

तीच चूक झाली.

घरी आल्यावर काकूंनी मला पाहिलं आणि विचारलं, "यात काय होतं?"

"कुठे काय?"

"त्यानं लावून ठेवलेलं काय होतं, ते विचारत्ये मी."

काका म्हणाले, "डाळ असेल."

"असेल? पाहिलं नाहीत?"

काका सामानाची गाठोडी सोडू लागले. काकू अगदी हळू म्हणाल्या, "त्याच्या हातचं शेवटचं होतं. धुऊन टाकलंत."

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मित्रांनो, आपल्याकडे समजूत अशी की गेलेल्याची काही इच्छा राहिली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरचे लोक हात जोडून एकेक इच्छा बोलून दाखवतात आणि ती पुरी करण्याचं वचन देतात. काकांनी गाडीच्या उरलेल्या हप्त्यांचं बोलून पाहिलं, राहून गेलेल्या लग्नाचं बोलून पाहिलं. दीड तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन काकांनी हे सांगितलं, तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या.

"तो भुकेला गेला," त्या म्हणाल्या. "पाळीवरून येऊन जेवणार होता. ते जेवण याच्या पोटात राहिलं."

काकू व्रतस्थ बाई. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय पाणीही घेत नाहीत. ज्या मार्गशीर्षातल्या गुरुवारानं त्यांचा मुलगा नेला, ते गुरुवारही त्यांनी सोडले नाहीत. आता त्यांनी आणखी एक व्रत धरलं. दर महिन्याच्या त्या तिथीला पहाटे उठून त्या माझ्यात एक पदार्थ लावत, वरदच्या आवडीचा. पान वाढून मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे परसाच्या बुटक्या दगडी कुंपणावर, ठेवत आणि माडाकडे बघत उभ्या राहत. कावळा शिवेपर्यंत स्वतः जेवायचं नाही, असा नेम. एरवी दिवसभर कलकलाट करणारे कावळे त्या दिवशी माडावर बसून राहत. कधी पान मांजर खाई, कधी मुंग्या; हे मला काका-काकूंच्या बोलण्यातून कळे. दिवेलागणीला काकू आत येत आणि तांब्याभर पाणी पिऊन निजत. एकदा वाटाण्याची उसळ झाली, एकदा बिरडं, एकदा फणस, एकदा कुळथाचं कळण. दर वेळी माझ्या आतून ओरडा उठे, 'काकू, पेज! पेज लावा!' पण आजाऱ्याचं अन्न ते. धडधाकट मुलानं पेज लावली असेल असं कुणाच्या मनात येणार?

त्या वर्षात माझ्या बाबतीत एक गोष्ट घडू लागली. ती मला आजही उलगडलेली नाही. पहाटे, वरद मला भरत असे त्या वेळेला, माझं पोट आपोआप कोमट होई. बटण बंद, वायर गुंडाळून ठेवलेली. झाकणावर आतून दव धरे. एकदा देवापुढे दिवा लावायला आलेल्या काकूंनी माझ्यावर हात ठेवला.

"अहो, हा ऊन लागतोय हाताला."

"चुलीशेजारी आहे म्हणून," काका म्हणाले.

"चूल अजून पेटवलेली नाही."

काकांनीही हात लावून पाहिला आणि चटकन काढून घेतला.

अकरा महिने असे गेले. काकू वाळून गेल्या. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले. काका एकदा चिडून म्हणाले, "मुलगा गेला, आता तूही जा. मी बसतो दोन पानं मांडून!" काकूंनी फक्त त्यांच्या भातावर ताक वाढलं. मला भीती वाटू लागली. मला ठाऊक असलेला एक शब्द या बाईला वाचवू शकत होता, आणि मला तोंड नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी दारात सुहास उभा राहिला. गालफडं बसलेली, हातात पिशवी.

"ये," काका म्हणाले. "वर्षात पहिल्यांदा आलास."

"चौथ्यांदा, काका. तीनदा मांडवीच्या थांब्यावर उतरून परत गेलो."

काकू बाहेर आल्या. त्यांनी त्याला पाणी दिलं. त्यानं पेला हातातच धरून ठेवला.

"काकू, त्या दिवशी मी आजारी होतो. त्यानं माझ्यासाठी पेज लावली. तांदूळ धुण्यात त्याची बस चुकली, म्हणून तो गाडी घेऊन गेला. मी नको म्हणालो होतो, पण..." त्यानं पेला खाली ठेवला. "आणि तो रस्त्यावर पडला होता, तेव्हा मी खोलीत पेज पीत बसलो होतो. हे सांगायला तोंड नव्हतं मला."

काकू उठल्या आणि मागच्या दारानं परसात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. सुहास पिशवी उचलू लागला.

"बस," काका म्हणाले. "तिला येऊ दे."

काकू आल्या तेव्हा पदर ओला होता. त्या सुहाससमोर जमिनीवर बसल्या.

"किती प्यायलास?"

"दोन वाडगे."

"पोट भरलं?"

"हो."

"आणि ताप?"

"उतरला, काकू. दुपारपर्यंत उतरला."

"म्हणजे लेक माझा भुकेला नव्हता," काकू स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "वाढून गेला." मग सुहासकडे वळून म्हणाल्या, "बस चुकली ती त्याची त्यानं चुकवली. तू नको ते ओझं वाहू. आज राहा. उद्या पेज करत्ये."

सुहास संकोचून म्हणाला, "काकू, आम्ही बौद्ध. आमच्यात श्राद्ध, पिंड काही नसतं."

"पिंड कोण म्हणतंय तुला? पेज म्हणत्ये मी. ती तरी असते ना तुमच्यात?"

"असते," सुहास म्हणाला, आणि वर्षभरानं त्या घरात कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी माझ्यात एक वाटी उकडा तांदूळ आणि आठ वाट्या पाणी घातलं. माझं पोट आधीच कोमट होतं. त्यांनी ते ओळखलं आणि झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत पेज अशी मऊ झाली की पळीवरून मधासारखी उतरावी. गुरुजींनी विधी आटोपला. काकांनी केळीच्या पानावर पेज वाढून गडग्यावर ठेवली आणि ते माडाकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. स्वयंपाकघरात सुहास रिकाम्या वाडग्यासमोर मान खाली घालून बसला होता.

काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग पळी घेतली आणि त्याच्या वाडग्यात पेज वाढली, शेजारी आंब्याचं लोणचं ठेवलं.

"अगो, अजून शिवला नाही!" काका बाहेरून म्हणाले.

"शिवेल त्याच्या वेळेला. तुम्ही आत या. मुलगा उपाशी बसलाय समोर, आणि आपण माडाकडे काय बघायचं? भुकेल्याला आधी वाढलं तर देव रागावत नाही." त्यांनी स्वतःसाठीही एक वाडगा घेतला आणि सुहासच्या समोर बसल्या. "पी. ऊन आहे तोवर पी."

त्या दिवशी कावळा आला की नाही, मला ठाऊक नाही. ओट्यावरून गडगा दिसत नाही. काकूंनीही कुणाला विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्यांना जपा, हे तर मी सांगेनच. वायर कोरडी ठेवा, तापलेल्या भांड्यात थंड पाणी ओतू नका. पण माझं खरं मागणं निराळं आहे. आम्हाला पुष्कळ ठाऊक असतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येतं. कुणी कधी तुमच्यासाठी उठून चार दाणे शिजवले असतील, तर त्याच्या घरी जाऊन ते सांगा. उशीर झाला असला तरी जा. थांब्यावरून परत फिरू नका.