लिफ्टचा खड्डा

स्पेनमधल्या तारागोनाच्या वरच्या, जुन्या गावात घर घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. भिंतीत खिळे हवे तेवढे ठोका, पण जमिनीला हात लावू नका. खाली रोमन लोक आहेत. मरून दोन हजार वर्षं झाली, पण जागेवरचा हक्क काही सोडायला तयार नाहीत.

रेमेईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती दोन गल्ल्या पलीकडे जन्मली, लग्न करून या घरात चौथ्या मजल्यावर राहायला आली, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी दिवसातून तीनदा शहात्तर पायऱ्या चढत होती. सकाळी पावासाठी, दुपारी औषधासाठी आणि संध्याकाळी सकाळ-दुपारचं विसरलेलं आणण्यासाठी. तिसऱ्या मजल्यावर पिशवी टेकवून ती भिंतीला पाठ लावायची आणि "आई गं" म्हणायची. शेजारी त्यावरून घड्याळ लावत असत म्हणे.

तिचा नवरा बाल्दिरी अडीच वर्षांत खाली उतरला नव्हता. आधी गुडघा गेला, मग खुब्याचं हाड मोडलं, मग हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाला, रोज अर्धा तास सपाटीवर चाला, जिना मात्र अजिबात नको. चौथ्या मजल्यावरच्या माणसाने सपाटी कुठून आणायची ते त्याने सांगितलं नाही.

बाल्दिरीचं मागणं फार मोठं नव्हतं. रांब्लाच्या रुंद रस्त्यावरून चालत समुद्रावरच्या सज्ज्यापर्यंत जायचं, तिथल्या लोखंडी कठड्याला हात लावायचा आणि परत फिरायचं. या गावात कठड्याला हात लावल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. "लोखंडाला हात लावून येतो" म्हटलं की माणूस फिरायला गेला असं समजायचं. बाल्दिरीने पन्नास वर्षं हात लावला होता. समुद्राकाठच्या पडक्या रोमन रिंगणावर एकतीस वर्षं पहारेकऱ्याची नोकरी केली, तीसुद्धा जाता-येता कठडा शिवूनच. आता तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा, आणि दिवस सरता सरत नसे.

म्हणून लिफ्ट. जिन्याच्या मधली पोकळी अरुंद होती, पण एक खुर्ची मावेल एवढा पाळणा बसत होता. पैशांचं कसंबसं जमलं. माणसांचं जमायला दोन वर्षं गेली. पहिल्या मजल्याला लिफ्ट नको होती, चौथ्याला हवी होती, आणि मधले लोक रविवारी दोघांकडचं वेरमूत पिऊन दोघांनाही हो म्हणत होते. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या गास्पारच्याच गुडघ्यात पाणी झालं आणि त्याला एकाएकी म्हाताऱ्यांची कणव आली. इमारतीचं अध्यक्षपद दरवर्षी दारांच्या क्रमाने फिरतं, कुणाला हवं असो वा नसो; यंदा ते रेमेईच्या दारात आलं होतं. कागदावर सही तिची होती.

परवान्यात खड्डा वीतभरच लिहिला होता. पण जमीन भुसभुशीत निघाली आणि गवंडी एलादियोला आणखी खाली जावं लागलं. शुक्रवारी दुपारी त्याने खालूनच हाक मारली, "सेन्योरा रेमेई, जरा येता का? सावकाश या, पळून जाणारं नाहीये ते."

ती उतरली. खड्ड्यात पांढऱ्या दगडाची एक रुंद पायरी होती. तिच्याखाली दुसरी, आणि दुसरीखाली तिसरीची कड. मधोमध लाखो पावलांनी झिजलेल्या, कडेला वेलीची नक्षी.

गास्पार दारात उभा राहून बघत होता. "घ्या," तो म्हणाला. "आम्ही लिफ्ट मागितली, देवाने आणखी जिना दिला."

एलादियो घमेल्यावर बसला. तो दक्षिणेतल्या अंदालुसियाचा, पण तीस वर्षं याच गावात हाडं झिजवलेला. "सेन्योरा, मी काही बघितलेलं नाही. सोमवारी दहाला काँक्रीटची गाडी येते. तुम्ही गप्प, मी गप्प, पंधरा दिवसांत पाळणा वर. नाहीतर करा फोन पुरातत्त्ववाल्यांना. पण मग मला पुढच्या वर्षापर्यंत बोलावू नका, आणि पुढच्याच्या पुढच्या वर्षीही नको."

वरच्या गावात सगळे हेच करतात. शुक्रवारी सापडलेलं सोमवारी सापडत नाही, अशी इथली म्हणच आहे. पाद्र्याला कबुली देताना लोक शेजारणीकडे बघितल्याचं सांगतात, पण न्हाणीघराच्या फरशीखाली गाडलेला खांब नाही सांगत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी सकाळी जिन्यातच बैठक झाली. वाद असा झालाच नाही. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "मेलेल्यांनी जिवंत माणसांना वर अडकवून ठेवायचं, हा कुठला न्याय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गास्पार आवाज खाली आणून म्हणाला, "एक मात्र सांभाळ, रेमेई. बाल्दिरीला पत्ता लागू देऊ नकोस. नाहीतर सादुर्नीसारखी गत व्हायची."

सादुर्नी रेमेईचा धाकटा भाऊ.

बावीस वर्षांपूर्वी त्याची गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. नवी भट्टी बसवायला जमीन उकरली तर खाली रंगीत खड्यांची फरशी निघाली, त्यात मासे. पोरासारखा हरखला तो. रविवारी बहिणीला आणि मेव्हण्याला बोलावून, दार लावून, कंदील धरून त्याने ते मासे दाखवले. "उद्या झाकतो," म्हणाला, "पण म्हटलं तुम्ही तरी बघा. घरचेच आहात." बाल्दिरीने ते मासे डोळे भरून पाहिले. सोमवारी तो कामावर गेला आणि पुरातत्त्व खात्याला रीतसर कळवून आला.

खोदायला तीन आठवडे म्हणाले होते, चार वर्षं लागली. बेकरी बंद पडली. सादुर्नी दुसऱ्या गावात परक्याच्या भट्टीवर पीठ मळायला गेला आणि मळता मळताच म्हातारा झाला. मासे खोक्यांत भरून कुठल्याशा गोदामात गेले, ते अजून तिथेच आहेत. त्या वेळी भाऊ रेमेईच्या दारात आला होता. "तू तरी सांग त्याला," म्हणाला होता. आणि रेमेईने त्याला दारातच उत्तर दिलं होतं: "कायदा तो कायदा, सादुर्नी. माझा नवरा खोटं वागणार नाही." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ती शवपेटीशी बोलली.

"नाही कळणार त्याला," रेमेई गास्पारला म्हणाली, आणि जिना चढू लागली.

बाल्दिरी खुर्चीत बसला होता. "ठोकाठोक थांबली," तो म्हणाला.

"शनिवार आहे."

"काल दुपारीच थांबली."

"शुक्रवारी दुपारनंतर कोण काम करतं या देशात? काल जन्मलास का?"

तो हसला नाही. "मला खालचं काही सांगत बसू नकोस," म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा." तिला वाटलं, चिडलाय. अडीच वर्षं घरात कोंडलेला माणूस चिडणारच. तिने त्याला पावावर टोमॅटो चोळून दिला, तेल घातलं, आणि स्वतः उभ्यानेच खाल्लं. बसलं की उठवत नसे.

रविवारी मात्र तो वेगळाच वागला. दाढी केली. तिला कपाटातून बाहेरचे बूट काढायला लावले, आणि मांडीवर घेऊन बराच वेळ पुसत बसला. "पंधरा दिवस म्हणालाय ना तो गवंडी?" त्याने विचारलं. "मार्चअखेर होईल म्हणजे. मार्चात वारा असतो, पण चालेल. गळपट्टा घेईन."

रेमेई स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. याला काही माहीत नाही, तिला वाटलं. बिचारा पोरासारखा दिवस मोजतोय. लिफ्ट येईल, हा खाली जाईल, आणि एक ना एक दिवस गास्पार दोन पेले घेऊन बरळेल. गास्पारच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग याला कळेल की ज्या लिफ्टने आपण रोज उतरतो ती कशावर उभी आहे, आणि तीही आपल्या बायकोच्या सहीने. एकतीस वर्षं हा माणूस पोरांना ओरडत आला, "दगडावर बसू नका, तो तुमचा नाही!" स्वतःच्या मेव्हण्याला सोडलं नाही याने. मला सोडेल?

आणि समजा सोडलं, तर ते जास्त वाईट नाही का? हा विचार कुठून आला ते तिला कळलं नाही. तिने नळ बंद केला.

सोमवारी नऊला ती पाव आणायला म्हणून उतरली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. ती कडेला बसली, पुरातत्त्व खात्याला फोन लावला आणि तोंडपाठ पत्ता सांगावा तसं सगळं सांगितलं: तीन पायऱ्या, पांढरा दगड, नक्षी. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "कशालाही हात लावू नका, सेन्योरा. आज माणूस पाठवते."

"आणि लिफ्ट?"

"ते आत्ताच कसं सांगू?"

"माझा नवरा एकोणऐंशी वर्षांचा आहे."

मुलगी म्हणाली, "मी तशी नोंद करते."

दहाला काँक्रीटची गाडी आली आणि तशीच परत गेली. एलादियोने एक शब्द न बोलता घमेली उचलली. गास्पारला शब्दांची कधीच कमी नव्हती. "आठ घरांचं वाटोळं केलंस!" तो जिन्यात ओरडला. "सादुर्नीच्या वेळी नवरा, आता बायको! अख्ख्या घराण्याला दगडांचा पुळका! माझ्या गुडघ्याचं काय, बये?" वर चढायला तिला आज नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि पाव आणायचा राहूनच गेला.

बाल्दिरीने गाडी गेल्याचा आवाज ऐकला होता. ती आत आली तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

"ओतलं नाही?"

ती त्याच्यासमोर बसली. "खाली जिना निघाला, बाल्दिरी. रोमन. मी कळवलं त्यांना. तुझ्यापासून लपवून तुला खाली न्यायचं मला जमलं नसतं. तू मला कधी माफ केलं नसतंस."

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मला शुक्रवारीच कळलं होतं," तो म्हणाला. "दगडावर कुदळ कशी वाजते ते मला कळत नाही होय? एकतीस वर्षं काय कान विकून बसलो होतो तिथे? म्हणून तर म्हटलं, मला सांगू नकोस! दोन दिवस तोंड शिवून बसलोय. म्हटलं, हिला तेवढी अक्कल असेल. म्हटलं, सोमवार जाऊ दे, फक्त सोमवार जाऊ दे."

"म्हणजे तू झाकू दिलं असतंस?"

"माझ्या हातांनी ओतलं असतं काँक्रीट! अगं, मी मरायला टेकलोय. दोन हजार वर्षं थांबलेत ते दगड, आणखी थांबले असते. मला फक्त लोखंडाला हात लावायचा होता गं. एवढंच."

त्याचा आवाज फाटला. रेमेई त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याची दया आली, खूप आली, आणि त्या दयेच्या आतून बावीस वर्षांचं काहीतरी वर आलं.

"मग सादुर्नी?" ती म्हणाली.

तो पुसलेल्या बुटांकडे बघू लागला.

"सांग ना. त्याची भट्टी का नाही थांबली? त्याने काय मागितलं होतं? आपल्या विश्वासावर कंदील धरून दाखवलं पोराने."

बाल्दिरीने तळहात गुडघ्यांवर ठेवले. "त्या वेळी माझे पाय चालत होते," तो म्हणाला. "चालत्या पायांच्या माणसाला कायदा सोपा असतो."

खाली कुणीतरी फळ्या सरकवत होतं. गास्पारचा आवाज अजून जिन्यात चढत-उतरत होता.

"रेमेई, खरं सांग. हा फोन तू माझ्यासाठी केलास की त्याच्यासाठी?"

माझ्यासाठी म्हण, असं त्याचे डोळे म्हणत होते. आणि तेच सोपं होतं. ती आत्तापर्यंत स्वतःलाही तेच सांगत आली होती. पण त्याने विचारल्याबरोबर तिला कळलं. दगड झाकून याला खाली जाता आलं असतं, तर भाऊ उगाच मेला असता. एवढंच होतं ते, आणि ते दोन दिवस तिच्या पोटात होतं.

"त्याच्यासाठी," ती म्हणाली.

बाल्दिरीने मान हलवली, एकदा, दोनदा. "मग बरोबर केलंस," तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती, रडताना त्याने तिला कधी बघू दिलं नव्हतं.

खालून तिच्या नावाने हाका येत होत्या. पुरातत्त्वाचा माणूस आला असावा, त्याला अध्यक्षाची सही हवी असणार. रेमेईने ऐकलं, पण तिच्यात उतरायचं त्राण उरलं नव्हतं. तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी लावली आणि बसून राहिली.