प्रेताचं पोट

त्या सिनेमात मी प्रेत होतो. थिएटरात एका भिकार गायकाचा खून होतो आणि वेंधळा डिटेक्टिव्ह खुनी शोधतो, अशी गोष्ट. लंडनबाहेरच्या आमच्या स्टुडिओत असले सिनेमे सहा दिवसांत उरकायचे. फिल्म मोजकीच मिळे, त्यामुळे पुन्हा टेक द्यावा लागला की दिग्दर्शक क्रॅडकसाहेबांचं टाळकं सटकायचं.

डिटेक्टिव्ह होता विल्फ ऑर्मरॉड. तीस वर्षं रंगमंचावरून लँकाशरची थिएटरं हसवून सोडलेला विनोदी नट. बोलपट आले, थिएटरं बंद पडली. हा सिनेमा जमला नाही तर मेव्हण्याच्या मासळीच्या दुकानात उभं राहायचं, हे त्यानं मेकअप करताना मला सांगितलं होतं.

पहिल्या टेकला त्यानं माझी नाडी पाहिली. "ह्याचं गाणं मी ऐकलंय," तो म्हणाला. "म्हणजे संशयित साडेसातशे. बाल्कनी वेगळी."

आणि हशासाठी थांबला. पण माइक चालू असताना हसणार कोण? सगळे ओठ दाबून उभे. थिएटरात अशी शांतता पसरली, तर नटानं टोमॅटो यायच्या आत विंगेत पळायचं असतं. तीस वर्षांची सवय! विल्फ वाकून नमस्कार करून कॅमेऱ्यासमोरून चालता झाला.

"कुठं निघालात?" क्रॅडक ओरडले. "इथं खून झालाय!"

"झालाय खरा, साहेब," विल्फ म्हणाला. "माझाच."

असं तीनदा झालं.

"आता शेवटचा टेक," क्रॅडक म्हणाले. "ह्या वेळी गेलात, तर घरीच जा."

विल्फनं पुन्हा माझी नाडी धरली आणि विनोद टाकून थांबला. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, माझी नोकरी गेली खड्ड्यात. सकाळपासून दाबलेलं हसू मी बिनआवाजी पोटात सोडून दिलं. शर्टाची बटणं नाचायला लागली. विल्फनं ती पाहिली आणि गडी विनोदावर विनोद करत असा सुटला की थांबेना.

"प्रेत आहेस की जेली?" क्रॅडक माझ्यावर खेकसले. पण पुन्हा टेक घ्यायला फिल्म उरली नव्हती.

सिनेमा लागला. माझं पोट हललं की लोक खुर्च्या बडवत. स्टुडिओचे मालक डोळे पुसत आले.

"ह्या प्रेताला करार द्या! पुढचे तीन सिनेमे!"

विल्फ शेजारीच होता. त्यानं माझी पाठ थोपटली आणि निघायला कोट चढवला.

"मालक," मी म्हटलं, "हा बोलला तरच माझं पोट हलतं."

"आणि नाही बोलला तर?"

"तर मी मेलेलाच दिसेन. तसले तुम्हाला ढिगानं मिळतील."

मालकांनी विल्फकडे पाहिलं. "ऑर्मरॉड, कोट काढा."