अकरावं पान

"चौदा पानं म्हणजे काही फार नाहीत," सर म्हणाले. "वर्षभराचं काम आहे ते."

सर आमच्या संस्थेचे सचिव. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी ही संस्था चालते. ऑनलाइन वार्तापत्र मी तयार करते. पण प्रत्येक अंकाच्या आधी नऊ छापील प्रती निघतात, समितीचे नऊ सदस्य त्या लाल पेनाने तपासतात आणि मगच अंक लोकांच्या फोनवर जातो. फोनवर तो कसा दिसतो, हे नवांपैकी एकानेही कधी पाहिलेलं नाही.

"सर, दोनशे चाळीस जणांनी अंक उघडला. अकराव्या पानापर्यंत सात जण पोचले. मोफत तपासणीची सूचना तिथे आहे."

"अनुक्रमणिका दिलीय की."

"अर्ज चारच आलेत. आज पाचपर्यंत वीस झाले नाहीत तर तपासणीची गाडी दुसऱ्या गावाला जाईल."

"अगं, लोकांना वाचायचाच कंटाळा. त्याला आपण काय करणार?"

कितव्या पानापर्यंत किती जण पोचले, त्याचा आलेख मी तिसऱ्यांदा पुढे केला. पालथ्या घड्यावर पाणी.

फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. "कसली तपासणी, ताई?"

"मुलांच्या कानांची. तुमच्या फोनवर आलं होतं ना?"

"आलं होतं. अध्यक्षसाहेबांचा फोटो उघडला, हा एवढा. खाली सरकवते, सरकवते, तर त्यांचा टायच संपेना. दिलं सोडून." त्यांनी फडकं पिळलं. "माझी नात डावीकडून हाक मारली की वळतच नाही हो."

सरांनी त्यांचा फोन मागून घेतला. चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी अक्षरं ताणली. ओळीचा शेवट पडद्याबाहेर गेला. चार मिनिटांनी ते पाचव्या पानावर होते. मी घड्याळ लावलं होतं.

"किती ओळी लागतील?" त्यांनी विचारलं.

"चार."

त्यांनी सुरुवात केली, 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की'. मी ते खोडलं. शेवटी त्यांनी अध्यक्षांच्या शुभेच्छा घातल्या. त्याही खोडल्या. काय, कुठे, कधी आणि अर्जाची लिंक, एवढं उरलं. चार वाजून वीस मिनिटांनी ते लोकांच्या फोनवर गेलं.

साडेचारला नऊ अर्ज झाले. मग तेरा. पंधरावा मावशींनी माझ्या टेबलाशी उभं राहून भरला. पाच वाजता सतरा.

मी गाडीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "तिकडे एकतीस मुलं वाट बघतायत," त्या म्हणाल्या. "महिनाभर कुठे होतात?"

फोन ठेवला तोवर अठरावा अर्ज आला. मग एकोणिसावा, विसावा. पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. मी पुन्हा फोन लावला. गाडी निघाली होती.

सरांनी टेबलावरची छापील प्रत सारखी केली. मग म्हणाले, "पुढच्या अंकात सविस्तर निवेदन देऊ."

"कितव्या पानावर, सर?"

मावशींनी बादली उचलली. "फोटोच्या आधी छापा," त्या म्हणाल्या, "म्हणजे झालं."