कोंड्याचं माप

मी तबेल्यातला मापाचा डबा. आधी तेलाचा होतो. झाकण हरवलं तसा मोतद्दारकाकांनी माझा काठ ठोकून गुळगुळीत केला आणि मला कोंड्यात बुडवलं. तेव्हापासून घोडीचं पोट माझ्या हवाली.

काका खाण्याच्या बाबतीत भारी कडक. दिवसभर तोंडापुढं गवत, आणि कोंडा तीन वेळा एकेक डबा, वर चिमूटभर नाही. म्हणायचे, "माणसाला जास्त झालं तर ओकून मोकळं होतं. घोड्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं."

काकांचे गुडघे गेले, ते घरी बसले. मग मालकांची धाकटी लेक मला धरू लागली. आधी घोडीचं खाणं, मग स्वतःचं, असा तिचा जीव.

पुढं घोडी विकायचं ठरलं. गिऱ्हाइकाला ती हडकलेली दिसू नये, दाण्यानं अंग भरावं म्हणून मालकांनी मक्याचं पोतं आणलं, कोंडा बंद केला आणि दाण्याला भूक राहावी म्हणून गवत निम्मं केलं. लेकीनं विचारलं, "बाबा, किती घालू?"

मालक पोत्याची गाठ सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "रोज घालतेस तेवढंच."

तिनं तेवढंच घातलं. कोंड्यानं मी पिसासारखा हलका असायचो. आता उचलताना तिचं मनगट लवायचं. पण बापाचा शब्द.

तिसऱ्या दिवशी घोडीनं दाण्यावरून तोंड फिरवलं. खुरानं जमीन उकरी, वळून वळून आपल्याच कुशीकडं बघे, मग धाडकन अंग टाकून लोळली. लेक डॉक्टरांकडं धावली. काकांना हाताला धरून आणलं. त्यांनी पोटाला कान लावला. गुरगुर नाही, काही नाही. मग मक्यानं भरलेला मला तळव्यावर जोखलं आणि मालकांना म्हणाले, "हे कोंड्याचं माप. मका भरला की अडीचपट होतं."

"हळू बोला," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी नळी घातली, सुई टोचली. दुपारी घोडी गेली. अंगणात चार माणसांदेखत मालक लेकीला म्हणाले, "लाडानं मारलंस तिला."

काका खाली बघत राहिले. त्यांची सून याच घरात स्वयंपाकाला आहे.

तीच सून सांगत होती, पोरगी आता ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. तबेल्याकडं तर फिरकतच नाही.

मी कोपऱ्यात गंजतोय. पत्र्याला तोंड असतं, जीभ नसते. तेव्हा तुम्हीच कुणीतरी तिला गाठून सांगा, बाई, हात तुझा होता, हुकूम तुझा नव्हता.

बापाला सांगायची गरज नाही. त्याला ठाऊक आहे.