शामरावांचा आग्रह

शामराव मेश्रामांच्या घरून कुणी एका वाढीवर सुटलंय, असं आजवर झालेलं नाही. बहरीनमध्ये अरादला त्यांच्या फ्लॅटवर पाहुणा जेवायला आला, की शामराव त्याच्या ताटावर डोळे लावून समोर बसणार आणि हातातली पोळी संपायच्या आत दुसरी टाकणार. चंद्रपूरला जयंतीच्या पंगतीत वाढताना लागलेली ही खोड परदेशी येऊनही गेली नाही. माणूस लाखमोलाचा, पण त्यांच्यासमोर जेवणं म्हणजे परीक्षाच.

आठ वर्षांपूर्वी ते तिथल्या एका अभयारण्यात एसी दुरुस्त करायला गेले आणि जनावरांत असे रमले, की तिथलेच झाले. आता सोडवून आणलेल्या चित्त्यांचं खाणंपिणं त्यांच्याकडे असे. हौसेखातर कुणाच्या तरी बंगल्यात कोंडलेले हाडकुळे बछडे यायचे आणि शामरावांच्या हाताखाली महिन्याभरात अंग धरायचे. बछड्यांना भुकेपुढं कसलंच भान नसतं. लूलू मात्र पूर्ण वाढलेली मादी. सोमवारी ती आली आणि तेव्हापासून तिनं मांसाला तोंडच लावलं नाही. शामरावांचा जीव टांगणीला लागला.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? बकरा दिला, कोंबडी दिली, कलेजी दिली. जाळीबाहेर प्लास्टिकचं स्टूल टाकून तासन्‌तास तिच्यासमोर बसले.

"खाय ना वं बाई. एवढंसं तं खाय. काहून अशी करून राह्यली?"

लूलू ट्रेकडे ढुंकूनही बघत नसे. ती बघायची शामरावांकडे.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर सुहा आल्या. लूलूच्या बरगड्या पाहून त्यांचा चेहरा उतरला. "शामराव, चार बजे तक देखेंगे. नहीं खाया तो बेहोश करके सलाईन लगाना पडेगा."

एवढं अशक्त जनावर बेशुद्धीतून उठेलच असं नाही, हे शामरावांना कुणी सांगायला नको होतं. गेल्या वर्षी एक बछडा असाच त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता.

"इंशाल्ला खायेगी," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

दुपारी घरी जेवताना त्यांना घास गोड लागेना. समोर त्यांची चौदा वर्षांची लेक, जागृती, भात चिवडत होती. शामरावांनी सवयीनं डावभर वरण तिच्या ताटात ओतलं आणि ती कधी खाते ते बघत राहिले.

"बाबा, स्टॉप स्टेअरिंग! आय कान्ट ईट लाइक धिस," म्हणत ती ताट घेऊन आत गेली.

"पाय, उपाशी राह्यते पोरगी," शामराव बायकोला म्हणाले.

राधाबाईंना हसू आवरेना. "उपाशी? तुमी ड्युटीवर गेले का चार पोळ्या खाते ते! तुमच्या पुढ्यात घासच नाई उतरत तिच्या गळ्याखाली. मी वीस वर्षं सांगून राह्यली, तुमी आयकता कुठं?"

शामरावांचा हात ताटातच थांबला. पुढच्या मिनिटाला ते जिन्यात होते.

तीन वाजता त्यांनी ताजं मांस आत सरकवलं आणि काही न बोलता बाजूला झाले. निघूनच जावं असं मनात आलं, पण जीव राहीना. शेवटी जाळीकडे पाठ करून ते स्टूलवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते जेवणाऱ्याकडे पाठ करून बसले होते. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मान सारखी वळायला बघत होती, म्हणून दोन्ही हातांनी त्यांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं.

मग मागं ट्रे फरशीवर सरकला. पाठोपाठ हाड कडकन मोडलं.

शामरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आवाज होईल म्हणून त्यांनी नाकही ओढलं नाही.

चारला डॉक्टर सुहा औषधांची पेटी घेऊन आल्या. शामरावांनी हात वर करून त्यांना दारातच थांबवलं.

"खाया?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"मुझे क्या पता, मॅडम," शामराव कुजबुजले. "मैंने देखा ही नहीं."

आणि हाताची खूण करून त्यांनी डॉक्टरांनाही पाठ फिरवायला लावली.