पुण्यातल्या शेळ्या

शनिवारी दुपारी अप्पा ओट्यापाशी बसून शेळीचे वाढलेले खूर छाटत होते आणि मी शेळीला धरून होते. डॉक्टरेट मिळाल्यापासून तिसगावात मला एवढंच काम विश्वासानं दिलं जातं.

"तू पुण्यात करतीस काय, ते नीट सांग," अप्पा म्हणाले. "उंद्या चर्चमदी मंडळीला सांगायचंय."

"मागच्या वेळी सांगितलं होतं ना."

"तवा कळलं हुतं. सांगाया उभा ऱ्हायलो आन समदं इस्कटलं."

मग मी परत सांगितलं. रक्तातल्या पेशी काढून टाकल्या की पिवळसर पाणी उरतं. त्यात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं, गुठळी त्याचीच बांधली जाते. माणसाचं हे प्रथिन शेळीला टोचलं की तिचं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि नेमकं त्यालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी तयार करतं. ती शेळीच्या रक्तातून काढतात. तिच्या मदतीनं मी रुग्णाच्या रक्तात ते प्रथिन किती आहे ते मोजते.

"म्हंजे एवढ्या गर्दीत एकाला बरोब्बर धरती?"

"हो."

"आन आपली ही," अप्पांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली, "घर सोडून रोज शेजारच्या गहिनीनाथच्या दावणीला जाऊन बसती."

मला हसू आलं. मग मी गंभीर झाले, कारण तेही मला चांगलं जमतं. "अप्पा, उद्या माझ्यासाठी प्रार्थना मागू नका. लोक हसतात."

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी ज्याला जे हवं ते त्यानं उभं राहून सांगायचं, मग सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी सांगतं, कुणी बोअरच्या पाण्यासाठी. अप्पांनी एकदा "आमच्या आराधनाच्या कामातल्या शेळ्यांसाठी" सांगितलं. तेव्हापासून ती प्रार्थना चालूच राहिली आणि मंडळीची पक्की समजूत झाली, की सत्यवानची पोरगी एवढं शिकून पुण्यात शेळ्या पाळते. ही गोष्ट कुणी वाईट मानली नाही. शेळ्यांत रोगाची साथ आली की मला काळजीचे फोन येत. रतनआत्या तर त्यांना खायला एस.टी.नं शेवरीचा पाला पाठवणार होती. प्रत्यक्षात माझी अँटिबॉडी अंगठ्याएवढ्या बाटलीत, बर्फाच्या खोक्यातून परदेशाहून येते. कामाच्या जागी मी आजवर एकही शेळी पाहिलेली नाही.

"हसू दे की," अप्पा म्हणाले. "म्होरला पाय धर."

रविवारी उपासनेच्या आधीच अप्पा वारले. शेवगावच्या डॉक्टरांनी हृदयाजवळ गुठळी कशी अडकते ते मला बोटांनी करून दाखवलं. मी काहीतरी नवीन कळल्यासारखी मान हलवली.

दफनानंतर काही दिवसांनी चर्चमध्ये स्मरणाची उपासना ठेवली. गेलेल्या माणसाविषयी घरच्यांनी साक्ष द्यायची, म्हणजे उभं राहून दोन शब्द बोलायचे, असा आमच्यात रिवाज आहे. अप्पांना दुसरं मूल नाही, म्हणजे मीच. मला धास्ती एकाच गोष्टीची होती. आतून काही दाटून आलं की मी समजावून सांगायला लागते. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांना मी मूत्रपिंडाचं कार्य सांगत बसले होते. अप्पांच्या बाबतीत तसं व्हायला नको होतं. त्यांच्याविषयी एक तरी खरं वाक्य बोलायचं होतं, आणि दुसरी संधी नव्हती.

तयारी मी भरपूर केली. शोक या विषयावर माझं वाचन इतकं आहे की कुणी परीक्षा घेतली तर पहिल्या वर्गात पास होईन. एक उपमाही बेतली होती: अप्पा मला एस.टी.च्या गर्दीत अँटिबॉडीसारखे नेमके कसे ओळखत, वगैरे. ती निवृत्तीच्या समारंभातल्या भाषणासारखी वाटत होती, पण दुसरी सुचली नाही.

मी उभी राहिले. पहिल्या बाकावरून रतनआत्या कुजबुजली, "शेळ्यांचं बी सांग गं."

"माझ्याकडे शेळ्या नाहीत," मी म्हणाले.

शेजारी म्हणून आलेले गहिनीनाथकाका दारापाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "इकल्या?"

"नव्हत्याच कधी, काका."

"अगं बया! मंग आमी इतकी वर्सं कुनासाठी मागत हुतो?" आत्या म्हणाली.

"त्याचं असं आहे," मी सुरू केलं, "रक्तातलं एक विशिष्ट प्रथिन ओळखायचं असेल तर..." माझा हात हवेत फळ्यावर लिहावं तसा वर गेला होता. चर्चचे सॅम्युएल पाळकसाहेब सौजन्यानं ऐकत होते. आत्यानं पदर तोंडाशी धरला होता. माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी थांबले. हात खाली घ्यायला जरा वेळ लागला.

"माझ्यासाठी, आत्या," मी म्हणाले. "तुम्ही सगळे माझ्यासाठी मागत होता."

टेबलावर आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला अप्पांचा फोटो होता. त्यात ते फोटोवाल्यावर रागावलेले दिसत होते. मी मंडळीकडे पाठ करून त्यांच्याकडे वळले.

"अप्पा, मी प्रार्थना नको म्हणायचे, पण मला ती हवी असायची," मी म्हणाले. "तुम्ही मला फार आवडायचात."