सारवलेल्या भुईवरची कात्री

मी एक जुनी कात्री आहे, पण कापड कापणारी नव्हे. बदलापूरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी बाळांची नाळ कापत असे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. मलाही ती सांगताना बरं वाटत नाही.

मी आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भाड्याचं कौलारू घर, चार खाटा, मातीची जमीन, एवढाच आमचा थाट. तिथल्या आया ठमाबाई. त्यांचा माझ्यावर भारी जीव. बाळ रडलं की मला धुऊन पुसत आणि म्हणत, "माजी गुनाची बाय ती!" मी फुशारून जाई.

आमच्या नोंदवहीत बाळं दगावतच नव्हती. कशी दगावणार? बाळंतीण तिसऱ्या दिवशी घरी जायची. मग आठव्या दिवशी एखादं मूल दूध सोडायचं, त्याचा जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं. बारसं न झालेल्या मुलाला ना नाव, ना नोंद. घरचे गुपचूप पुरून यायचे आणि सटवाईनं नेलं म्हणायचे.

कमळाकर नावाचे नवे डॉक्टर आले आणि त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी ठरवलं, दर शनिवारी सगळ्यांनी बसायचं आणि गेलेल्या प्रत्येक बाळाबद्दल विचारायचं, ते का गेलं? पहिल्या शनिवारी सगळे तोंड शिवून बसले. दुसऱ्या शनिवारी सगळं खापर खेड्यातल्या सुइणींच्या विळ्यावर फुटलं. प्रसूतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस दौलतराव खूश झाले. "मिळालं ना उत्तर? आता पुरे," ते म्हणाले.

तेवढ्यात बारवी नदीकडच्या वाडीतली जिजा पायरीशी येऊन उभी राहिली. आमच्याकडे जन्मलेलं तिचं दुसरं मूल आदल्या दिवशी गेलं होतं.

"इला नाय लावला, डागदर. नाल हितंच कापली. तुमच्याच कात्रीनं."

एवढं बोलून ती चालती झाली.

डॉक्टरांनी ठमाबाईंना विचारलं, "बाई, कात्रीचं रोज काय काय करता, दाखवा बरं." ठमाबाईंनी हौसेनं दाखवलं. मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि ओटीवर, नुकत्याच शेणानं सारवलेल्या भुईवर उन्हात वाळत ठेवलं.

"देवाचा भांडा ठेवावा तशी ठेवतंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, ते नाळेतून बाळाच्या अंगात जातात, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ठमाबाईंनी मला झटकन भुईवरून उचललं. "मंजे मीच मारली पोरां?"

"चूक माझीही आहे. मी बघितलं नाही," डॉक्टर म्हणाले. "कात्री भुईवर ठेवायची नाही, हे लिहून भिंतीवर लावू."

मित्रांनो, नाळ मी कापली होती. माझं कौतुक करणाऱ्या त्या हातांचा मला राग येत नाही. स्वतःची मात्र अजून लाज वाटते.

दौलतरावांनी काही लिहू दिलं नाही, दवाखान्याची बदनामी होईल म्हणाले. ठमाबाईंना त्याच दिवशी काढून टाकलं. पुढच्या शनिवारी कुणी चकार शब्द काढला नाही. खरं सांगितलं की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर भांडले आणि महिन्याभरात तेही सोडून गेले. मला फडताळात टाकलं.

आता नवी कात्री आहे आणि नवी आया, नवसीबाई. मोठी कामसू. आधीची आया का गेली हे तिला कुणी सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती जमीन छान सारवते, कात्री उकळते आणि ओटीवर वाळत ठेवते. फडताळाच्या फटीतून मला सगळं दिसतं.

काल जिजा आली होती. तिला सातवा महिना लागला आहे. आता कात्री नवी आहे, मग या खेपेला नीट होईल ना, असं ती विचारत होती, आणि नवसीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, चूक सांगणाऱ्याला हाकलू नका, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्यापैकी कुणी इकडून गेलं, तर नवसीबाईला ओटीवरची ती कात्री उचलायला सांगा. पौषात जिजाचे दिवस भरतात.